नोंदींचे स्थलांतर

विद्यार्थी गाव बदलतो तेव्हा जुन्या शाळेतून ‘शाळा सोडल्याचा दाखला’ घेतो. हा दाखला म्हणजे नेमके काय असते? शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही असते. तीत प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी नोंद असते आणि नाव, जन्मतारीख, इयत्ता अशा बाबींसाठी उभे रकाने आखलेले असतात. ही वही काही नव्या शाळेत नेता येत नाही. म्हणून तेवढी एक नोंद वहीतून उतरवून, वेगळ्या कागदावर लिहून देतात. त्या कागदावर नुसती माहिती नसते, तर प्रत्येक माहितीपुढे तिचा मथळाही छापलेला असतो. जन्मतारीख तर एकदा अंकांत आणि पुन्हा एकदा अक्षरांत लिहितात. कारण उघड आहे. नव्या शाळेतील कारकुनाला शंका आली, तर जुन्या शाळेतील कारकून काही त्याच्या शेजारी बसलेला नसतो. जे कागदावर लिहिले नाही, ते वाटेतच हरवले असे समजावे.

बँका, रुग्णालये, ग्रंथालये, रेल्वे या सर्वांच्या नोंदी आज संगणकात असतात. अशा व्यवस्थित रचलेल्या नोंदींच्या साठ्याला ‘डेटाबेस’ म्हणतात. एका डेटाबेसमधील नोंदी दुसऱ्या आज्ञावलीला वापरता याव्यात म्हणून त्या उतरवून देण्याच्या क्रियेला ‘एक्स्पोर्ट’, म्हणजे निर्यात, असे नाव आहे. पडद्यावर त्यासाठी एक बटण असते. ते दाबले की क्षणात फाइल तयार होते. त्यामुळे हे काम अगदी सोपे वाटते. पण त्या क्षणात काय घडते आणि काय हरवू शकते, हे पाहिले म्हणजे शाळेच्या दाखल्यामागचे शहाणपण संगणकालाही का लागते ते कळून येते.

साल्हेर हिमालयात कसा गेला?

उदाहरणासाठी सह्याद्रीतील तीन उंच ठिकाणांचा एक छोटा तक्ता घेऊ. त्यात पाच रकाने आहेत: क्रमांक, नाव, जिल्हा, मीटरमध्ये उंची आणि शेरा. पहिली नोंद साल्हेरची. जिल्हा नाशिक, उंची १५६७ मीटर. दुसरी कळसूबाईची. हे शिखर दोन जिल्ह्यांच्या सीमेवर असल्यामुळे जिल्ह्याच्या रकान्यात ‘अहिल्यानगर, नाशिक’ असे लिहिले आहे. उंची १६४६ मीटर. तिसरी नोंद तोरण्याची. जिल्हा पुणे, उंची १४०३ मीटर.

नोंदी अशा साध्या तक्त्यांत मांडाव्यात आणि त्या तक्त्यांवर गणिताच्या नियमांनी काम करावे, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. ते मूळचे इंग्लंडचे होते आणि त्या वेळी अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करीत होते. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच कल्पनेवर उभे आहेत. मात्र आपल्याला दिसतो तो तक्ता आणि संगणकाच्या स्मृतीत असणारा साठा यांत बराच फरक असतो. शोध लवकर लागावा, जागा कमी लागावी, म्हणून प्रत्येक आज्ञावली आपापल्या सोयीने माहिती ठेवते.

साल्हेरची उंचीच घ्या. १५६७ ही संख्या संगणक दोन बाइटांत ठेवू शकतो. एका बाइटात ० ते २५५ पर्यंतची कोणतीही संख्या मावते. १५६७ ला २५६ ने भागले तर भागाकार ६ आणि बाकी ३१ येते. म्हणून एक आज्ञावली ६ आणि ३१ असे दोन बाइट ठेवील. दुसरी मात्र लहान भाग आधी लिहिण्याच्या पद्धतीने ३१ आणि ६ असे ठेवील. दोन्ही पद्धती खरोखरच वापरात आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. आता पहिलीने लिहिलेले बाइट दुसरीने आपल्या पद्धतीने वाचले तर काय होईल? ती ३१ ला २५६ ने गुणून त्यात ६ मिळवील आणि उत्तर काढील ७९४२. म्हणजे साल्हेर एकदम हिमालयातील शिखरांच्या रांगेत जाऊन बसेल!

यावर एक उपाय असा, की प्रत्येक आज्ञावलीने इतर प्रत्येक आज्ञावलीची पद्धत शिकून घ्यावी. पण हिशेब करून पाहा. १० आज्ञावल्या असतील तर प्रत्येकीकडून उरलेल्या ९ जणींकडे माहिती नेण्यासाठी १० × ९ = ९० भाषांतरकार लागतील. त्याऐवजी सर्वांनी मधले एकच साधे रूप ठरवले, तर प्रत्येकीला दोनच भाषांतरकार पुरतील: एक आपल्या रूपातून मधल्या रूपात नेणारा आणि एक मधल्या रूपातून परत आणणारा. म्हणजे एकूण २०. निर्यातीची सारी विद्या या मधल्या रूपाभोवती उभी आहे.

स्वल्पविरामाची युक्ती

सर्वांत प्रचलित मधले रूप अगदी घरगुती आहे. एका ओळीत एक नोंद लिहायची आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम द्यायचा. या रूपाला ‘सीएसव्ही’ म्हणतात. संख्यासुद्धा बाइटांच्या गुप्त भाषेत न ठेवता आपण कागदावर लिहितो तशी अंकांनी लिहायची, म्हणजे साल्हेर हिमालयात जाण्याची भीती नाही. स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची सोय आयबीएमच्या फोर्ट्रान भाषेत १९७२ सालीच होती. पण या रूपाचे नियम इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत एकत्र लिहिले गेले ते २००५ साली. तोवर प्रत्येक आज्ञावली स्वतःच्या समजुतीप्रमाणे ते लिहीत असे.

आपल्या तक्त्याची फाइल अशी होईल:

क्रमांक,नाव,जिल्हा,उंची,शेरा
१,साल्हेर,नाशिक,१५६७,किल्ला
२,कळसूबाई,अहिल्यानगर, नाशिक,१६४६,शिखर
३,तोरणा,पुणे,१४०३,किल्ला

दुसऱ्या नोंदीकडे नीट पाहा. स्वल्पविरामाशी तोडत गेलो तर पाचऐवजी सहा तुकडे पडतात. जिल्हा नुसता ‘अहिल्यानगर’ राहतो, उंचीच्या रकान्यात ‘नाशिक’ येते आणि १६४६ हा आकडा शेऱ्यात जाऊन पडतो. दोष कळसूबाईचा नाही. माहितीचा भाग असलेला स्वल्पविराम आणि रकाने वेगळे करणारा स्वल्पविराम यांत संगणकाला फरक करता आला नाही, एवढेच. आपल्याकडे तर ‘१,२५,०००’ अशा रकमा आणि ‘शनिवार पेठ, पुणे’ असे पत्ते सर्रास लिहितात. तेव्हा ही अडचण पावलोपावली येणार.

उपाय असा: ज्या रकान्यात स्वल्पविराम आहे तो अवतरणचिन्हांत ठेवायचा. मग जिल्हा "अहिल्यानगर, नाशिक" असा लिहिला जाईल. पण माहितीतच अवतरणचिन्ह असले तर? समजा, कळसूबाईच्या शेऱ्यात आपल्याला महाराष्ट्राचे "एव्हरेस्ट" असे लिहायचे आहे. तेव्हा आतील प्रत्येक अवतरणचिन्ह दोनदा लिहायचे, असा नियम आहे. पूर्ण ओळ अशी दिसेल:

२,कळसूबाई,"अहिल्यानगर, नाशिक",१६४६,"महाराष्ट्राचे ""एव्हरेस्ट"""

शेवटी एकापुढे एक तीन अवतरणचिन्हे आली आहेत. ती छपाईची चूक नव्हे. पहिली दोन मिळून माहितीतील एक चिन्ह होते आणि तिसरे रकाना संपल्याचे सांगते.

संगणक ही ओळ कशी वाचतो? तो एकेक अक्षर घेतो आणि आपण अवतरणाच्या ‘बाहेर’ आहोत की ‘आत’, एवढेच लक्षात ठेवतो. त्याचे नियम पाच:

१. बाहेर असताना स्वल्पविराम आला तर रकाना संपला.
२. बाहेर असताना ओळ संपली तर नोंद संपली.
३. रकान्याच्या आरंभी अवतरणचिन्ह आले तर आत जावे.
४. आत असताना स्वल्पविराम आला किंवा ओळ संपली, तरी ती साधी माहितीच समजावी.
५. आत असताना अवतरणचिन्ह आले तर पुढचे अक्षर पाहावे. तेही अवतरणचिन्ह असेल तर दोहोंचे मिळून एक चिन्ह लिहावे आणि आतच राहावे. नसेल तर बाहेर यावे.

हे पाच नियम घेऊन वरील ओळीवर बोट ठेवत ठेवत जा. बरोबर पाच रकाने हाती येतात. मात्र पाठवणाऱ्याने हे नियम पाळले आणि घेणाऱ्याने पाळले नाहीत, तर सगळा खेळ बिघडतो. जर्मनीसारख्या देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे तेथे रकाने वेगळे करण्यासाठी बहुधा अर्धविराम घेतात. म्हणून फाइल देताना कोणते विभाजक चिन्ह वापरले आहे हेही सांगावे लागते.

ग्रंथालयाची युक्ती

रकाने वेगळे करण्याची दुसरीही एक रीत आहे आणि ती सीएसव्हीच्या लिखित नियमांहून जुनी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हराम या संगणकतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पुस्तकांच्या नोंदींसाठी ‘मार्क’ नावाचे रूप तयार केले. १९६६ साली १६ ग्रंथालयांना बरोबर घेऊन त्याची चाचणी सुरू झाली. नोंदी चुंबकीय फितींवर भरून त्या ग्रंथालयांकडे पाठवीत. म्हणजे एका ठिकाणी तयार झालेली पुस्तकाची नोंद दुसऱ्या ग्रंथालयाला पुन्हा हाताने लिहावी लागत नसे.

मार्कची युक्ती अशी, की माहिती सुरू होण्यापूर्वीच तिची लांबी सांगून टाकायची. प्रत्येक नोंदीच्या आरंभी २४ अक्षरांचा एक मथळा असतो आणि त्यातील पहिले पाच अंक सबंध नोंदीची लांबी सांगतात. मग एक छोटी अनुक्रमणिका येते. तीत प्रत्येक बाबीसाठी १२ अंक: तीन अंकांत बाबीची खूण, चार अंकांत तिची लांबी आणि पाच अंकांत ती कोठून सुरू होते ते स्थान. ‘२४५’ ही खूण असली म्हणजे ते पुस्तकाचे शीर्षक, ‘१००’ असली म्हणजे लेखकाचे नाव. शीर्षकात कितीही स्वल्पविराम असोत, वाचणारी आज्ञावली मोजून तेवढीच अक्षरे उचलते. या रचनेवर आधारलेले आंतरराष्ट्रीय मानक १९७३ साली निघाले.

या रीतीलाही मर्यादा आहे. लांबीसाठी पाचच अंक असल्यामुळे ९९,९९९ पेक्षा मोठी नोंद लिहिताच येत नाही. आणि आपल्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. लांबी मोजायची ती कशाची? ‘साल्हेर’ या शब्दाची लांबी किती?

एका शब्दाच्या तीन लांब्या

डोळ्यांना ‘साल्हेर’मध्ये सा, ल्हे, र अशी तीन अक्षरे दिसतात. संगणकाला मात्र स, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र अशी सात चिन्हे दिसतात. आणि ही चिन्हे साठवायला २१ बाइट लागतात. हे कसे, ते पाहू.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत. त्याला संख्या कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. १९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ नावाची अशी यादी प्रसिद्ध झाली. तीत १२८ जागा होत्या आणि त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना स्थान होते. स्वल्पविरामाचा क्रमांक ४४, अवतरणचिन्हाचा ३४. देवनागरीला तीत जागाच नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही यादी तयार झाली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला मानक म्हणून प्रसिद्ध केले. त्या यादीत ‘क’चा क्रमांक १७९ आहे. पण पश्चिम युरोपात वापरल्या जाणाऱ्या यादीत १७९ म्हणजे घन दाखवण्यासाठी वर लिहितात तो बारीक तीन! फाइलमध्ये १७९ एवढेच लिहिलेले असते. तो ‘क’ की बारीक तीन, हे कोणती यादी हाती धरून वाचतो यावर ठरते. त्यातही अनेक जुने मराठी फाँट रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवीत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसे.

जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत वेगवेगळे क्रमांक द्यावेत, या विचारातून ‘युनिकोड’ निघाला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीचा विभाग २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो आणि ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. एवढा मोठा क्रमांक एका बाइटात मावत नाही. म्हणून तो ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने तीन बाइटांत मांडतात. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. ‘क’चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १४९. ‘साल्हेर’मधील सात चिन्हांना प्रत्येकी तीन, म्हणून २१ बाइट. आजही मराठी फाइल उघडल्यावर ‘क’च्या जागी वर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, एक चलनचिन्ह आणि एक ठिपका असे तीन आकार दिसले, तर घाबरू नये. माहिती शाबूत आहे. वाचणारी आज्ञावली प्रत्येक बाइटला एक अक्षर समजून जुन्या युरोपीय यादीने वाचते आहे, इतकेच. तिला यूटीएफ-८ सांगितले की ‘क’ परत येतो. मात्र तशाच अवस्थेत फाइल पुन्हा साठवू नये, नाहीतर बिघाड कायमचा होण्याचा संभव असतो.

मराठीपुरती एक गंमत आणखी आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. २००८ सालापासून युनिकोडमध्ये त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक आहे. पण ‘अ’ (२३०९) लिहून त्यावर अर्धचंद्र (२३७३) दिला तरी ‘अॅ’ हा तसाच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला मात्र एक चिन्ह आणि दोन चिन्हे, म्हणजे दोन वेगळे शब्द. एका कार्यालयाने वकिलांची यादी पहिल्या रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिली असेल, तर दोन्ही याद्या एकत्र केल्यावर ‘ॲड.’ शोधताना निम्म्या नोंदी सापडणारच नाहीत.

अंकांचा वेश घेतलेले शब्द

समजा, विभाजक चिन्ह ठरले आणि अक्षरांची यादीही ठरली. तरी एक चोरवाट उरते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सगळीच अक्षरे असतात. कोणती संख्या, कोणती तारीख आणि कोणता नुसता मजकूर, हे तीत कोठेच लिहिलेले नसते. घेणारी आज्ञावली ते तर्काने ठरवते. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ आहे. तक्त्यांची आज्ञावली त्याला संख्या समजली, तर पुढचे शून्य निरर्थक मानून नुसते २२ ठेवील. एक्सेल ही आज्ञावली संख्येचे १५ अंकच अचूक ठेवते. म्हणून १६ अंकी कार्ड क्रमांक तिने संख्या म्हणून घेतला, तर शेवटच्या अंकाचे शून्य होते. उलट ‘१५६७’ असे देवनागरी अंकांत लिहिलेले असेल, तर पुष्कळ आज्ञावल्या त्याला संख्या मानतच नाहीत आणि बेरीज करीत नाहीत. येथे छापताना आपण देवनागरी अंक घेतले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) अंकच घ्यावेत. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. ज्या आकड्यांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही, ते आकडे म्हणजे वेश पालटलेले शब्दच होत. त्यांना मजकूर म्हणूनच पाठवावे.

तारखांचे तसेच. ०४/०६/२०११ ही आपल्याकडे ४ जून, पण अमेरिकेत ६ एप्रिल. म्हणून १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवला आहे: २०११-०६-०४. या क्रमाचा एक फायदा असा, की अशा तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी आपोआप कालक्रमाने लागतात.

या चोरवाटेने विज्ञानाचेही नुकसान केले आहे. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी होती. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडल्या की ती आज्ञावली त्यांना २ सप्टेंबर, १ मार्च अशा तारखा समजे आणि तसे बदलून टाकी. २००४ सालीच काही संशोधकांनी याबद्दल इशारा दिला होता. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० साली मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावे बदलून ‘सेप्टिन २’, ‘मार्चएफ १’ अशी केली. मूळ आज्ञावलीत हे रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ साली आली.

एककांच्या गोंधळामुळे तर एक अवकाशयान गेले. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी नासाने पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचून नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली इंजिनाच्या धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत लिहून देत होती. घेणारी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरीत होती. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. आकडे सर्वच्या सर्व पोचले, पण त्यांचा अर्थ वाटेत हरवला.

न वाजलेली घंटा

सर्वांत मोठा धोका मात्र चुकीच्या नोंदींचा नसून न आलेल्या नोंदींचा असतो. चुकीची नोंद निदान डोळ्यांना दिसू शकते. न आलेली नोंद दिसणार कशी?

२०२० साली कोविडच्या साथीत इंग्लंडमधील प्रयोगशाळा आपल्या तपासण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या तेव्हाच्या सरकारी संस्थेकडे पाठवीत. तेथे त्या फाइली एक्सेलच्या एका जुन्या रूपात भरल्या जात. त्या जुन्या रूपात ओळींचा क्रमांक १६ द्विमान अंकांत ठेवलेला असतो. म्हणून एका तक्त्यात जास्तीत जास्त २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ ओळी मावतात. २००७ साली आलेल्या नव्या रूपात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. एका रुग्णाला अनेक ओळी लागत. साथ वाढली, फाइली लांबल्या आणि मर्यादेपलीकडच्या ओळी मुकाट्याने गळून पडू लागल्या. कोणतीही घंटा वाजली नाही. फाइल व्यवस्थित उघडत होती. तीतील प्रत्येक नोंद बरोबर होती. फक्त शेपूट तुटलेले होते.

ऑक्टोबरच्या आरंभी हा प्रकार लक्षात आला, तोवर २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनिक आकड्यांत आल्याच नव्हत्या. म्हणजे सरासरीने रोज सुमारे १९८०. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळवलेला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून घरी थांबायला सांगणाऱ्या पथकांकडे त्यांची नावे वेळेवर पोचली नाहीत. साथीच्या काळात एकेक दिवस मोलाचा असतो. त्या दिवसांत किती तरी माणसे, आपण रुग्णाच्या जवळ होतो हे न कळता, नेहमीसारखी कामाला आणि बाजारात जात राहिली.

हे टाळता आले असते का? होय, आणि त्यासाठी कोणतेही अवघड तंत्र लागले नसते. पाठवणाऱ्याने किती नोंदी पाठवल्या आणि घेणाऱ्याला किती मिळाल्या, एवढे दोन आकडे शेजारी ठेवले असते तरी फरक त्याच दिवशी दिसला असता.

ताळा पाहावा

आपल्याकडे जुने दुकानदार हिशेब संपल्यावर ताळा पाहत. नोंदींच्या प्रवासातही ताळा पाहिल्याशिवाय माल पोचला असे म्हणू नये. फाइलबरोबर एक छोटी चिठ्ठी जोडावी. तीत नोंदींची संख्या, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक, विभाजक चिन्ह, अक्षरांची यादी, तारखांचा क्रम आणि एखाद्या संख्यात्मक रकान्याची बेरीज लिहावी. आपल्या तक्त्याच्या चिठ्ठीत ‘नोंदी ३, उंचीची बेरीज ४६१६ मीटर’ असे असेल. घेणाऱ्याने फाइल उघडून हेच दोन आकडे पुन्हा काढावेत.

बेरीज चुकली तर फरकाकडे पाहावे. हिशेबनिसांना एक गोष्ट पूर्वीपासून माहीत आहे: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर फरकाला ९ ने निःशेष भाग जातो. १६४६ चे १६६४ झाले तर फरक १८ येतो. कारण सोपे आहे. दशक म अणि एकक न असेल तर मूळ किंमत १०म + न आणि उलटलेली १०न + म. त्यांचा फरक ९ (म − न). मात्र दोन ठिकाणांच्या उंची आपसांत बदलल्या तर बेरीज तीच राहते. म्हणून बेरजेबरोबर पहिली, शेवटची आणि मधली एखादी नोंद डोळ्यांनी ताडून पाहणेही आवश्यक आहे. शेवटची नोंद तर नक्कीच. तुटते ते बहुधा शेपूट.

करून पाहा

वर्गात दोन गट करा. पहिल्या गटाने वर्गातील ग्रंथपेटीतील दहा पुस्तकांचा तक्ता करावा. क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत आणि घेतल्याची तारीख असे रकाने असावेत. मग तो तक्ता वर सांगितलेल्या नियमांनी सीएसव्हीच्या ओळींत लिहून, रेघा न आखता, दुसऱ्या गटाला द्यावा. तोंडी काहीही सांगायचे नाही. दुसऱ्या गटाने त्यावरून मूळ तक्ता पुन्हा आखावा आणि शेवटी दोन्ही तक्ते ताडून पाहावेत. जेथे फरक पडला तेथे कोणती गोष्ट ‘त्यांना ठाऊक असेलच’ म्हणून लिहायची राहिली, ते शोधावे. संगणक उपलब्ध असल्यास तीच फाइल दोन वेगवेगळ्या आज्ञावल्यांत उघडून पाहावी.

प्रश्न

१. पुढील ओळीत किती रकाने आहेत? ४,महाबळेश्वर,सातारा,"१,४३८","थंड हवेचे ठिकाण, पठार"
२. आपल्या तीन नोंदींच्या उंचीची बेरीज ४६१६ ऐवजी ४६४३ आली. एकाच उंचीतील शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, तर ती कोणती?
३. २५ आज्ञावल्यांसाठी थेट भाषांतरकार किती लागतील? मधले रूप वापरल्यास किती?
४. दिवस आणि महिना यांचा क्रम सांगितला नाही, तर वर्षातील किती तारखा दोन प्रकारे वाचता येऊन दोन वेगळे अर्थ देतील?

उत्तरे: (१) पाच. (२) फरक २७. तोरण्याच्या १४०३ चे १४३० झाले. (३) २५ × २४ = ६००; मधले रूप वापरल्यास ५०. (४) दिवस आणि महिना दोन्ही १२ पर्यंत असलेल्या तारखा १२ × १२ = १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा कसेही वाचल्या तरी त्याच राहतात. म्हणून १३२.